आईच्या पोटातला उजेड

दुष्काळाचं साल होतं. कर्जतजवळच्या आमच्या गावातले लोक खडी फोडायला जात होते, आणि आईच्या पोटाला दुखायला नेमका तोच मुहूर्त सापडला. कामावरून आली की ती पोटाशी पदर आवळून बसायची, आणि विचारलं की "काय न्हाई, वात हाय" म्हणून उडवून लावायची. मी नगरला प्राथमिक शाळेत शिकवत होते. शेवटी मीच तिला ओढून दवाखान्यात आणलं. एक्स-रेत जठरावर डाग दिसला. मोठे सर्जन म्हणाले, अर्धं जठर काढावं लागेल.

"अर्ध्या पोटावर मानूस जगतंय व्हय?" आईनं मला विचारलं.

त्याच सुमारास पुण्याहून एक तरुण डॉक्टर नवी नळी घेऊन आले होते. ती घशातून आत घातली की पोट डोळ्यांनी बघता येतं म्हणे. चाकू लावण्याआधी एकदा बघू, एवढंच त्यांचं म्हणणं. आत साकळलेलं काळं रक्त दिसलं, तर मात्र लगेच ऑपरेशन.

आदल्या संध्याकाळी नर्सनं बजावलं, सकाळी अन्नाचा कण नको, पाण्याचा घोट नको. ती गेल्यावर आईनं भिंतीवरची पाटी दाखवली. "त्या तिथं काय लिव्हलंय गं?"

"इथे थुंकू नये," मी वाचून दाखवलं. तिनं समजल्यासारखी मान डोलावली.

सकाळी तिचा घसा बधिर होईपर्यंत डॉक्टर गप्पा मारत होते. परदेशात म्हणे लठ्ठ माणसं बारीक व्हायला पोटाचं ऑपरेशन करून घेतात, आणि पुढेमागे त्यांनाही आधी अशीच नळी घालून तपासतील. आईनं डोळे विस्फारले. "खायला हाय म्हनून पोट कापत्यात? आन् हितं सरकारी सुकडीसाठी रांगा!" जीभ जड झाली होती, तरी बाई गप्प बसेना.

मग तिला कुशीवर निजवून नळी आत सरकवली. डॉक्टर दुसऱ्या टोकाला डोळा लावून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. "काळं दिसतंय. बरंच आहे."

काच पुसायला त्यांनी नळी बाहेर काढली, आणि मला वास आला. तो रक्ताचा नव्हता. लहानपणापासून रोज सकाळी उंबऱ्याशी येणारा तो वास मी झोपेतही ओळखला असता.

"आये, मिश्री लावलीस?"

भाजलेली तंबाखू दातांना घासल्याशिवाय आमच्याकडच्या बायकांचा दिवस सुरू होत नाही. तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग थुंकलीस कुठं?"

तिनं भिंतीकडे बोट केलं. तसलीच पाटी तिथेही होती. माझ्या आज्ञाधारक आईनं सगळी मिश्री मुकाट गिळली होती! मला हसावं की तिला रागवावं, कळेना.

डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून, पाणी सोडून ते काळं धुऊन काढलं. बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "या बाई, तुम्हीही बघा."

शाळेत मी फळ्यावर रंगीत खडूनं जठर काढायची, पखालीसारखं, आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. नळीला डोळा लावला आणि ते चित्र मला अगदी खोटं वाटलं. आत उजेड होता. जिथे जन्मात कधी उजेड पोचला नव्हता, तिथे. गुलाबी, ओल्या घड्या हळूच आवळत होत्या, पुन्हा सैल होत होत्या, कुणी न सांगता. एका कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढी पांढुरकी जखम. आम्हा भावंडांना भाकरी वाढून जे पोट पाण्यावर निजत आलं, ते हे. देवळात वाकावं तशी मी नळीवर आणखी वाकले.

"जखम साधी आहे, भरत आलीय," डॉक्टर म्हणाले. "कापायचं कारण नाही. औषध, दूध, आणि मिश्री बंद."

दुपारी आईचा आवाज परत आला. पोट वाचल्याच्या आनंदापेक्षा तिला मिश्री सुटल्याचंच दुःख जास्त होतं. त्यावरून मी तिला थोडं बोललेही. मग तिनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "तू आत बघितलंस न्हवं? तू हुतीस ती जागा दिसली का गं?"

ती जागा वेगळी असते, हे शाळेतल्या बाईंना ठाऊक होतं.

"व्हय आये," मी म्हणाले, "दिसली. अजून लख्ख हाय."