शेठची दोरी

प्रेमसिंगच्या कुत्र्याचं नाव शेठ. कापसाने भरलेल्या पिकअपवर सगळ्यात उंच तो बसायचा आणि दिग्रसमध्ये शिरताना असा बघायचा, की कापसाची जिनिंग मिल याच्याच बापाची. नाव आमच्या गावानेच पाडलं होतं.

प्रेमसिंग तांड्यावरचा, मी शेजारच्या गावातला. माझा कापूस कायम त्याच्याच गाडीतून जातो. माणूस तोंडाचा फाटका, कुणी नुसता हॉर्न वाजवला तरी खाली उतरून भांडणारा. बायकोपुढे मात्र गोगलगाय. त्यांना मूलबाळ नाही. शेठला सुखीबाईने वाटीने दूध पाजून जगवलं होतं, आणि भाकरीचा पहिला तुकडा नवऱ्याआधी त्यालाच मिळायचा.

यंदा दिवाळीनंतर आर्णीकडच्या रस्त्यावर कुणाचं तरी कुत्रं सोयाबीनच्या गाडीवरून पडून मेलं. सुखीबाईने हाय खाल्ली. तिने रंगीत सुताची दोरी वळली, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला कवड्या शिवल्या आणि खुंटीला टांगून नवऱ्याला बजावलं, "उद्यापासून त्याले बांधल्याबिगर न्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच कापूस वेचायला गेली. आम्ही माझा माल भरला. "काय बाई एकेक लाड," असं पुटपुटत का होईना, प्रेमसिंगने शेठला बांधलं. दोरीचं एक टोक पट्ट्याला, दुसरं गाडीच्या कडीला. निघताना दोरी चांगली ताणलेली होती.

पण कापूस रस्त्यात खाली बसतो. ढीग उतरला की दोर सैल पडतात, म्हणून वाटेत थांबून ते पुन्हा ओढावे लागतात. फाट्यावर चहा पिऊन प्रेमसिंगने ताडपत्रीचे सगळे दोर ओढले. शेठ झोपला होता. त्याची झोपमोड कशाला करायची, म्हणून त्याची दोरी तेवढी राहिली.

जिनिंगच्या अलीकडे वळणावर रस्त्यावरची कुत्री भुंकली. शेठ उत्तर दिल्याशिवाय राहणारा नव्हता. तो ढिगाच्या कडेला आला आणि पडला, पण जमिनीपर्यंत पोचला नाही. आमच्या काचा वर, गाणी चालू. मागच्या मोटारसायकलवाल्याने ओरडून थांबवलं तेव्हा सगळं संपलं होतं.

प्रेमसिंग त्याला मांडीवर घेऊन रस्त्यातच बसला. एवढा दांडगा माणूस असा रडला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग म्हणाला, "भाऊ, सुखीले दोरीचं सांगू नको. जगायची नाही ती."

शेठला आम्ही पळसाखाली पुरलं. दोरी प्रेमसिंगने नळावर धुतली, आणि सुखीबाई घरी यायच्या आत खुंटीला जशीच्या तशी टांगली.

"मी बांधलंच नाही," तो तिला म्हणाला. "इसरलो. पडला."

खुंटीकडे बघून ती किंचाळलीच. "माह्या हातची दोरी व्हती! एवढी बांधली असती तं जगला असता!"

"हो. चुकलं माहं."

मी बाजूला उभा राहून नंदीबैलासारखी मान हलवली. तेव्हापासून ती त्याला जेवायला वाढते, बोलत मात्र नाही.

आता कुठल्याही गाडीवर कुत्रं दिसलं की प्रेमसिंग आडवा होतो. "मागं बांधू नको! आत घे त्याले!" लोक हसतात. हे सुखीबाईच्या कानावर गेलं. "पाहा," ती मला म्हणाली, "अजूनबी बांधू नकोच म्हणते!"

परवा प्रेमसिंगची बहीण मानीबाई त्याच्याच गाडीतून आपल्या गावी परत निघाली. सोबत तिचं कुत्रं. सुखीबाईने खुंटीवरची दोरी काढली. "घे बाई, तू तरी बांध."

प्रेमसिंगने ती हिसकावूनच घेतली. "नाही! कुत्रं आत बसन, मानीच्या पायापाशी."

कितीतरी दिवसांनी सुखीबाई नवऱ्याशी बोलली. हळूच, न भांडता. "मंग शेठले काहून नाही बसवलं आत?"

आता हा सांगून टाकतो, असं मला वाटलं. पण या प्रश्नावर खरं सांगूनही त्याची सुटका नव्हती. त्याने दोरी खिशात कोंबली, मानीबाईच्या कुत्र्याला उचलून आत ठेवलं, आणि दार लागलंय की नाही हे पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिला.