शनीसाठी दिलेला जांभळा खडा

नाशिकहून सिल्वासाला नोकरीसाठी गेलो तेव्हा माझ्या सामानात एक वळकटी, कपड्यांची बॅग आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांनी भरलेलं एक खोकं होतं. त्या डब्यांत कापसावर माझे खडे असत. मला रत्नं जमवायचा नाद कॉलेजपासूनचा. ग्रह, रास यांच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. दगडाच्या पोटात इतका रंग कुठून येतो, याचंच मला वेड होतं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. सिल्वासाजवळ खडोलीला पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनियर होतो. राहायला गावातच, आमली भागात एक खोली होती. रविवारी स्कूटर काढून मी आसपासच्या खाणींवर जाई. काळा दगड फुटला की कधीकधी आत पोकळी निघते आणि पोकळीत स्फटिक असतात. क्रशरवरची माणसं माझ्यासाठी असे तुकडे बाजूला ठेवत आणि "पागल साब आये" म्हणून हसत. अशाच एका तुकड्यात मला गडद जांभळा स्फटिक सापडला. खंभातला खडे घासणाऱ्यांकडे जाऊन मी तो घासून आणला. बोराएवढा खडा, वरून जवळजवळ काळा, आणि उन्हात धरला की आतून जांभूळ पिळल्यासारखा. माझ्याकडे त्याहून दुर्मिळ खडे होते, पण हा मी स्वतः दगडातून काढलेला होता.

आमचे मॅनेजर मुंबईचे. बोटांत चार अंगठ्या. माझा नाद कळल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि नीलमची अंगठी काढून पुढे ठेवली.

"बघा बरं, खरा आहे का?"

भिंगाखाली आत गोल बुडबुडे दिसले. ती काच होती. मी तसं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते एकदम खूश झाले. "म्हणूनच मागची दोन वर्षं वाईट गेली," म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांचा रत्नपारखी झालो. ओळखीपाळखीच्या अंगठ्या माझ्याकडे येऊ लागल्या. मला ते आवडत होतं, हे आज कबूल करायला हवं.

अंगठी घालण्याआधी साहेब ती कच्च्या दुधात ठेवत. टेबलावर स्टीलच्या वाटीत, फायलींच्या शेजारी. दुपारपर्यंत दूध नासायचं, त्यावर माशी बसायची. मग ते दोन बोटं आत घालून अंगठी काढत, कपाळाला लावत आणि तीच बोटं रुमालाला पुसून माझ्याशी हात मिळवत. तो चिकट स्पर्श मला घरी येऊन साबणाने धुतला तरी जात नसे. पण मी हात पुढे करत होतोच.

त्याच सुमाराला एका मोठ्या ऑर्डरसाठी घाई सुरू झाली. पॉवर प्रेसला पुढे जाळीचा गार्ड असे. जाळी खाली आल्याशिवाय प्रेस पडायचा नाही, आणि तेवढ्यात दोन सेकंद जायचे. साहेब म्हणाले, "तीन नंबरचा गार्ड काढून टाका."

"साहेब, हात जाईल कुणाचा तरी."

"माणसं अनुभवी आहेत. आणि तुम्ही आहात ना लक्ष ठेवायला."

मी पाना घेतला आणि चार बोल्ट काढले. मदतनीसाला सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मी ते स्वतःच्या हाताने केलं.

तीन नंबरवर धुळ्याकडचा एक माणूस होता. तिशीचा, कमी बोलणारा. जेवणाच्या सुट्टीत कधी तो माझ्या टेबलाशी येई आणि जांभळा खडा उजेडात धरून बघे. "खाणीत हाई निघते? मी तर पाच साल दगड फोडले, मले नाही भेटला," असं म्हणून हसला होता.

अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला प्रेस पडला तेव्हा त्याची उजव्या हाताची दोन बोटं आत होती. पहिलं आणि मधलं. ओरडला तो नाही, शेजारचा. त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात पाठवलं. मशीनखाली भुसा टाकला गेला. तासाभरात साहेबांनी मला बोलावलं. "फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या आत गार्ड बसवून टाका." मी बसवला. दुपारी एक कागद पुढे आला. गार्ड जागेवर होता, कामगाराने निष्काळजीपणे हात घातला, असं त्यात टाईप केलं होतं. मी सही केली. सही करताना मी बाकी कसलाच विचार केला नाही, फक्त तो कागद डोळ्यांसमोरून जावा असं वाटत होतं.

दोन दिवसांनी साहेबांनी त्या माणसाची जन्मवेळ काढून आणवली होती. "साडेसाती चालू आहे त्याची. आपण काय करणार? नीलम त्याला झेपणार नाही, पण उपरत्न म्हणून जांभळा चालतो. तुमच्याकडे आहे ना एक? द्या. पुण्य लागेल."

मी डबी उघडून तो खडा दिला. ज्याने सही केली होती, त्याने खडा कुठल्या तोंडाने नाकारायचा?

चांदीत मढवून, दुधातून काढून अंगठी तयार झाली. साहेब मला बरोबर घेऊन दवाखान्यात गेले. वॉर्डात आयोडीनचा वास होता. खाटेशेजारी त्याची बायको जमिनीवर बसली होती. साहेबांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, "ही मधल्या बोटात घालायची, उजव्या हाताच्या." मग त्यांची नजर बँडेजवर गेली. म्हणाले, "डावा पण चालतो." आणि त्यांनी ती डाव्या हातात सरकवली. दुधाचा आंबूस वास माझ्यापर्यंत आला. मी खिडकीकडे वळलो.

साहेब डॉक्टरांना भेटायला बाहेर गेले. बाई उठली. नवऱ्याच्या बोटातून तिने अंगठी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"भाऊ, हाई तुमना दगड शे ना? हाई आमले नको."

तो माणूस भिंतीकडे बघत म्हणाला, "जाळी तुम्हीच काढेल होती ना, साहेब?"

"हो," मी म्हणालो.

अंगठी खिशात घालून मी बाहेर आलो. मला साहेबांची किळस होतीच, पण जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाची, म्हणजे माझी, त्याहून जास्त आली.

पुढे मी कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात गेलो. पहिल्यांदा दारातून परतलो. दुसऱ्यांदा ते जागेवर नव्हते आणि मला बरंच वाटलं. तिसऱ्यांदा मात्र लिहून दिलं, की गार्ड मी काढला होता, कुणाच्या सांगण्यावरून काढला, आणि आधीची सही खोटी होती. चौकशी झाली. साहेबांची बदली मालकाच्या दुसऱ्या युनिटवर झाली, आणि तिथे ते वरच्या जागेवर गेले असं नंतर कळलं. त्या माणसाला भरपाई मिळाली आणि गेटवर वॉचमनचं काम मिळालं.

माझ्याने मग खड्यांच्या डब्या उघडवेनात. हात लावला की बोटं चिकट झाल्यासारखी वाटत. अंगठीसकट सगळं खोकं मी नाशिकच्या एका कॉलेजला भूगर्भशास्त्रासाठी देऊन टाकलं. पुन्हा कधी खाणीकडे गेलो नाही.

वर्षभराने मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी गेटवर तोच होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करायचा नियम होता. त्याने माझी बॅग उघडली, एकेक वस्तू बाहेर काढली, स्कूटरची डिकी बघितली. मग रजिस्टर ओढून डाव्या हाताने, एकेक अक्षर जुळवत, माझं नाव आणि वेळ लिहिली. मी उभा राहिलो.

"सही करा," तो म्हणाला.

मी केली. त्याने वाचून बघितली आणि गेट उघडलं.