युरियानं धुतलेली प्लेट

गढा भागात खताच्या दुकानाशी युरियाचा वास आला आणि आमची जुनी लॅब आठवली. तिथली माझी सीनियर सुनंदादीदी तेव्हा पोटुशी होती. रुबेला होऊन गेल्याचं रक्तात निघालं होतं, पण कधी, ते कळायचं होतं. स्वतःचाच नमुना ती खळग्यांच्या प्लेटमध्ये तपासत होती.

"अँटिबॉडी चिकटल्या ना, मग युरियानं काहून धुऊन राहिली?" मी विचारलं.

"संसर्ग नवा असला तर त्यांची पकड सैल असते, त्या निघून जातात. जुना असला तर टिकतात, पिवळा रंग येतो. मग बाळाला धोका नाही."

रंगाचा द्रव टाकून आम्ही वाकून पाहत राहिलो. खळगी हळूहळू गडद पिवळी झाली.

"चलो," ती एवढंच म्हणाली.

तेव्हा माझी नजर रंगावरच होती. तिनं माझं मनगट किती घट्ट धरलं होतं, ते आज आठवलं.