तांब्यातली मंडळी

माझ्या बायकोच्या मामांइतका रेल्वेचा कट्टर वैरी उभ्या महाड-पोलादपुरात शोधून सापडायचा नाही. रेल्वेने त्यांचं काही वाकडं केलेलं नाही. पोलादपूर गावात तर ती फिरकतही नाही. पण मामांनी एस.टी. चालवण्यात जन्म घालवला, आणि ज्याला स्टिअरिंग नाही त्याला वाहन म्हणणं त्यांना आजही जमत नाही. "रुळावरनं काय, कोनीपन नेईल. वळवायची कुठं हाय ती?" हा त्यांचा सवाल. मुंबईहून पुण्याला जायला रेल्वे बरी की मोटार, असं त्यांच्यासमोर कुणी चुकून विचारलं तर हातातला चहा थंडगार होईपर्यंत त्याची सुटका नसते.

मामा निवृत्त झाले, पण गाडीवरून उतरले नाहीत. जेवायला बसताना "पंधरा मिनटं थांबंल" असं जाहीर करतात आणि सोळाव्या मिनिटाला हात धुऊन उभे असतात. माझ्या शेजारी बसून कुठे निघाले की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक सारखा दाबत असतो; माझ्या गाडीतली तिथली चटई त्यांनी पार झिजवली आहे. स्वतःची जुनी मोटार तर मागून दोनदा वाजल्याशिवाय ते हलवतच नाहीत. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी काढायची नाही, हा नियम. मामी बिचारी मागच्या सीटवरून डब्यावर चमचा दोनदा आपटते, मग गाडी निघते. एकदा महाडच्या बाजारात मामी खिडकीतून एका मैत्रिणीशी बोलण्यात रंगली, तर मामा इंजिन चालू ठेवून समोर बघत शांत बसून राहिले. मागे रिक्षांची ही रांग! कुणीतरी ओरडलं, तेव्हा मामा म्हणाले, "मला काय सांगतोस रे? कंडक्टरला सांग."

याच मामीच्या मणक्याचं मुंबईत ऑपरेशन झालं. तिथलं लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून पुढचे दोन महिने पुण्याला मुलाकडे, तळमजल्यावर राहायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, "बसून जायला हरकत नाही, पण पाठीला हिसका बसता कामा नये. एक हिसका, आणि पुन्हा अंथरूण." लेक आणि मुलगा एका सुरात म्हणाले, रेल्वेने न्या. मामा म्हणाले, "माज्या गाडीत झोपलेलं पोर कदी जागं झालं नाय. मीच नेनार." कुणी काही बोललं की "मीच नेनार". पण मामीचं दुखणं आठवलं की घास तोंडाशीच थांबायचा, हेही मी पाहिलं. शेवटी स्वतःच म्हणाले, "जावईबापू, टेस्ट घेऊ. सकाळी मोटारनं जायचं, दुपारी रेल्वेनं यायचं. कंडक्टर तुमी."

टेस्ट म्हणजे पाण्याने गळ्यापर्यंत भरलेला एक तांब्या. मागच्या सीटवर टॉवेलची चुंबळ करून त्यावर तो ठेवला आणि शेजारी मला. मी काचेवर दोनदा टकटक केलं, गाडी निघाली. मामांनी चालवली मात्र अशी, की मी उगाच नाही म्हणत, लोणी कापावं तशी. पण रस्ता काही एकट्या मामांचा नव्हता. कुणी आडवा घुसला, कुणी पुढे अचानक थांबला, आणि घाट चढल्याचा हिशेब माझ्या पँटीवर उमटत गेला. पुण्यात तांब्या अर्धा झाला होता. "मी ब्रेक मारला नाय," मामा पडेल आवाजात म्हणाले, "त्यांनी मारायला लावला."

मोटार मुलाच्या दारात ठेवून, तांब्या पुन्हा भरून आम्ही रेल्वेत बसलो. मामांची नजर पाण्यावरून ढळेना. समोरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "बाबा, तांब्यात काय आहे?"

मामा मान वर न करता म्हणाले, "आमची मंडळी हाय."

बाईंनी झटकन पदर सावरून तांब्याला हात जोडले. पलीकडच्या गृहस्थांनी बाकावरचे पाय खाली घेतले आणि मामांना खिडकीची जागा दिली. "अहो, मामी ठणठणीत आहेत! मुंबईला वाट बघताहेत!" असं मी परोपरीने सांगितलं, तर ते माझ्याकडेच जास्त कळवळ्याने बघू लागले. मुंबई आली तेव्हा तांब्यातलं पाणी जेमतेम बोटभर उतरलं होतं. मामांनी ते दोनदा बोट बुडवून पाहिलं. मग मोठा श्वास घेऊन म्हणाले, "रेल्वेनं न्यायची तिला." माझा मामांवर इतका जीव याआधी कधी जडला नव्हता.

परवा पोलादपूरला गेलो होतो. मामी आता चालती-फिरती आहे. आत भाकऱ्या करत होती. मी चेष्टेने विचारलं, "काय मामा, कशी काय वाटली रेल्वे?"

मामांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दोनी हात रिकामे हो, जावईबापू. त्यांचं काय करायचं तेच कळंना. मंग एक हिच्या हातात दिला. लोनावळा आलं तवा बगितलं, तर माज्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली. गाडी चालवायची म्हंजे समोर बगावं लागतं. प्रवासात हिच्या तोंडाकडं बगायचं ऱ्हाऊनच गेलं."