एका दमात

सोळा जानेवारी, सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. शरयूताईंच्या नारायण पेठेतील घरात मी प्रथम गेले, तेव्हा टीव्हीवर त्यांचाच जुना चित्रपट चालू होता आणि आवाज पूर्ण बंद होता. पडद्यावर विशीतल्या शरयूताई रडत होत्या. खुर्चीतल्या वृद्ध शरयूताई त्यांचे संवाद भरदार आवाजात म्हणत होत्या.

"चेहरा माझा, आवाज दुसरीचा," माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या. "निर्मात्याला माझा आवाज पुरुषी वाटला. घरी बसून दुरुस्ती करते."

प्रत्येक चित्रपटात हेच झाले. त्यांचा स्वतःचा आवाज लोकांनी ऐकला तो केवळ नाटकात. तिथे तो माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाई. आता श्वासाचे स्नायू क्रमाने दुबळे करणाऱ्या आजाराने नेमका तोच गाठला होता. मी श्वसनावर संशोधन करत होते आणि त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होते. म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी एक साधी चाचणी माझ्यावर सोपवली: दर शनिवारी त्यांना एका श्वासात कितीपर्यंत मोजता येते, ते नोंदवायचे.

पहिल्या शनिवारी पंचवीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारीही पंचवीस. हा आजार असा एका जागी थांबत नाही. चौथ्या खेपेस मी त्यांच्या बरगड्यांवर तळहात ठेवला.

"नटीच्या अंगाला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत," त्या म्हणाल्या आणि मोजू लागल्या. बारानंतर, आवाजात कुठेही खंड न पडता, माझ्या हाताखाली बरगड्या किंचित फुगल्या.

"ताई, तुम्ही मध्येच श्वास घेतलात."

"घेतला नाही, चोरला. लांबलचक भाषणात तो असाच चोरायचा असतो. आजवर एकाही प्रेक्षकाला कळला नाही. तू फुकट आलीस, म्हणून लक्ष देऊन बघतेस."

चोरीचे कारण होते. त्यांच्या जुन्या नाटकमंडळीने त्यांचा गौरवसमारंभ ठरवला होता आणि त्यात गाजलेल्या नाटकातले एक भाषण त्या स्वतः म्हणणार होत्या. मोजणी विसाच्या खाली आली, तर ते म्हणायचे नाही, अशी डॉक्टरांची अट होती.

"पंचवीसच सांग त्यांना."

"बारा सांगणार."

"अगं, सत्यवादी हो की! पण समारंभ झाल्यावर हो."

मी बारा सांगितले. डॉक्टरांनी परवानगी नाकारली. मंडळीने मग त्या भाषणाची जुनी ध्वनिफीत शोधून काढली; ताईंनी रंगमंचावर बसून फक्त ओठ हलवायचे.

"म्हणजे शेवटी पुन्हा सिनेमाच," त्या म्हणाल्या.

समारंभात ध्वनिफीत सुरू होताच त्यांनी हात वर करून ती थांबवायला लावली आणि स्वतः बोलू लागल्या. पहिली तीन वाक्ये शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेली. चौथ्याच्या मध्यावर त्या थांबल्या. चोरलेला श्वास या वेळी आलाच नाही. विंगेतून मला त्यांच्या मानेचे ताणलेले स्नायू दिसत होते. सभागृहाला मात्र तो अभिनय वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो चालू असताना त्या हवा शोधत होत्या. पडदा पाडावा लागला.

"टाळ्या... चुकीच्या जागी आल्या," पडद्याआड त्या म्हणाल्या. "वाक्य... राहिलं."

त्यानंतर समारंभाविषयी त्या कधी बोलल्या नाहीत. शनिवार मात्र चुकवला नाही. आता माझा हात त्या स्वतःच ओढून बरगड्यांवर ठेवत. "ठेव. नाहीतर म्हणशील, नाटक केलं."

एका मंगळवारी त्या गेल्या. त्याआधीच्या शनिवारी टीव्हीवर पुन्हा त्यांचाच चित्रपट होता, आवाज बंद. संवाद कोणीच म्हणत नव्हते. त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. मग पाचासाठी ओठ मिटले आणि उघडले, पण आवाज आला नाही. हा धरशील का, असे त्यांची नजर विचारत होती. हललेले ओठ म्हणजे आवाज नव्हे, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. मी नोंद केली: चार.