लेझमीला टिकलेलं बांबूचं स्टेज

दोन हजार चोवीस साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. चौथीनंतर शाळा सोडली आणि मांडवाच्या धंद्यात शिरलो. माझ्या बांबूखाली ज्या घरचं लग्न लागलं नाही असं घर आमच्या पेठेत तरी सापडायचं नाही. पुढं लोखंडी ट्रस आले. चार बोल्ट आवळले की स्टेज उभं. लोक तिकडं वळले आणि माझे बांबू घरामागच्या शेडात पडून राहिले. आमची म्हातारी त्यांच्यावर कपडे वाळत घालायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "ह्यांचा धंदा बघा, धुणं कसं झकास वाळतंय." पोरगं म्हणायचं, विकून टाकूया. मी म्हणायचो, मी गेल्यावर ईक.

अशात एक दिवस तालमीमागच्या गल्लीतली नाटकवाली पोरगी घरी आली. तिनं आणि तिच्या सोबतच्या पोरापोरींनी कला महोत्सव करायचा घाट घातला होता. नाच, गाणी, नाटक, तीन दिवस, तालमीच्या मैदानात. परदेशातली एक संस्था त्याला पैसे देणार होती. तिकडचे नाचणारेही येणार होते आणि आमच्या पोरींच्या लेझीम पथकाबरोबर एकत्र नाचणार होते. पण पैशाला अटी होत्या. फ्लेक्स नाही, थर्माकोल नाही, पाण्याच्या बाटल्या नाहीत, जनरेटर नाही. कार्यक्रम दिवसाउजेडी. आणि होईल तेवढं सामान असं, जे उद्या परत कामाला येईल.

"म्हणून तुमच्याकडं आले आबा," ती म्हणाली. "स्टेज बांबूचं पाहिजे. माणसाच्या उंचीएवढं, म्हणजे मागच्यांनाही दिसेल."

 वहाण घातली, शेडात गेलो आणि बांबूवरचं धुणं काढून म्हातारीच्या हातात दिलं.

पोरगी तिथंच घुटमळत होती. म्हणाली, "आणखी एक आहे. पैशाबरोबर ते एक माणूसही पाठवणार आहेत. इंडोनेशियाचा आहे, बांबूचंच काम करतो. मेंटॉर म्हणतात."

"म्हंजे मास्तर?"

"मास्तर नाही हो. मार्गदर्शन करणारा."

"मला? माझं वय सांगितलंस का त्याला?"

"आबा, ऐका की. महोत्सवाच्या आदल्या दिवशी तो स्टेज तपासणार. त्यानं होकार दिला तर तुमचं स्टेज. नाही दिला तर कागलहून लोखंडी मागवायचं. संस्थेनं तेवढी सूट दिलीय. ट्रकवाल्याला मी सांगूनही ठेवलंय. वर माणसं नाचणार आहेत, मला जोखीम घ्यायची नाही."

तिचं चुकीचं नव्हतं, पण माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "लोखंडाचा ट्रक ह्या मैदानात शिरला तर त्याच दिवशी माझं समदं बांबू बंबात घालतो. ध्यानात ठेव."

आतनं म्हातारी म्हणाली, "घाला. वर्सभर पाणी तापंल."

हे सगळ्या पेठेत पसरलं. आता मागं फिरायला जागा नव्हती.

पाहुणा आठवडाभर आधी आला. माझ्यापेक्षा बारका, वयानं दहाएक वर्षांनी लहान असेल. मैदानात आला तो चपला काढूनच. मला वाटलं आता वही काढणार, पट्टी काढणार. त्यानं तसलं काही केलं नाही. माझ्या बांबूंजवळ उकिडवा बसला, एकेक बांबू बोटानं वाजवून बघितला आणि दोन बाजूला सारले. त्यातला एक मीही बाजूला काढणारच होतो. दुसऱ्याला आतनं कीड लागली होती, ती मला दिसली नव्हती. मी तसं दाखवलं नाही.

भाषा ना त्याला माझी कळत होती, ना मला त्याची. मधे ती पोरगी. पण कामाला बसल्यावर तिची फारशी गरज लागायची नाही. मी काथ्या भिजवून गाठ मारायचो, तो बघायचा. तो त्याच्या पद्धतीनं मारायचा, मी बघायचो. माझी गाठ बरी, असं माझं मत. त्याची त्याला बरी वाटत असणार. दुपारी म्हातारी भाकरी आणि झुणका घेऊन यायची. त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, माझ्या नुसती. विचारलं तर म्हणाली, "पावणं हाईत ते. तुमी काय पळून जाताय?"

स्टेज उभं राहत आलं आणि आमचं वाजलं. पाहुणा म्हणाला, खाली चारी बाजूंना तिरके बांबू पाहिजेत, एकमेकांना छेद देणारे. मी म्हणालो, नकोत. माझं स्टेज समोरनं बघितलं की सरळ रेघ दिसली पाहिजे, मेढी, म्हणजे उभे बांबू, एका ओळीत. तिरकं काही घातलं की गोठ्याला टेकू दिल्यागत दिसतं. पोरीला सांगितलं, "त्यास्नी सांग, माझ्या स्टेजावर निवडणुकीच्या टायमाला कितीतरी पुढारी चढल्यात. त्यांच्यापेक्षा जड काय असतंय?"

तिनं सांगितलं. तो हसला. पण हात तसाच तिरका धरून राहिला.

आदला दिवस उजाडला. मैदानात सकाळपासनं माणसं गोळा झाली, शेजारच्या तालमीची तर मुद्दाम आली होती. त्यातला एक म्हणाला, "आबा, बंब पेटवून ठिवलाय न्हवं?" मी म्हणालो, "व्हय, ये अंघोळीला."

मी तालमीच्या वस्तादाला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं सगळे पैलवान पाठवले. एकेक म्हणजे गव्हाचं पोतं. ते वर चढले आणि मी खालनं म्हणालो, मारा उड्या. त्यांनी उड्या मारल्या, जोर काढले, एकमेकांना उचलून फळ्यांवर टेकवलं. स्टेज जागचं हललं नाही. मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. मी पाहुण्याकडं बघितलं. म्हटलं, आता बोल.

त्यानं मान डोलावली, पण होकार दिला नाही. पोरीला काहीतरी म्हणाला. पोरगी म्हणाली, "आबा, ते म्हणतात पैलवानांना खाली उतरवा आणि लेझमीच्या पोरींना वर चढवा. हलगीसकट."

मला हसू आलं. कॉलेजातल्या किडकिडीत पोरी त्या. ज्या फळ्यांनी पैलवान पेलले त्यांना ह्या पोरींचं काय ओझं होणार? हलगीवाल्यानं ठेका धरला. पोरी दोन ओळीत उभ्या राहिल्या आणि नाचायला लागल्या. सगळ्यांचा पाय एका वेळी डावीकडं, एका वेळी उजवीकडं.

मी एका मेढीला हात लावून उभा होतो. आधी हाताला नुसतं कळलं. मग डोळ्यालाही दिसलं. स्टेज डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं. पुढच्या ठेक्याला आणखी जरा जास्त. पोरी आपल्या तालात होत्या. हलगीवाला रंगात आला होता, त्यानं ठेका वाढवला. गाठी कुरकुरायला लागल्या.

"थांबवा," मी ओरडलो. "हलगी थांबवा."

पाहुण्याच्या आधी मी ओरडलो, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे.

हलगी थांबली, पोरी थांबल्या. पाहुण्यानं पोरीमार्फत सांगितलं, ते मला निम्मं आधीच उमगलं होतं. पैलवानांचा भार वरनं खाली आला, आणि तोही एक आत्ता पडला, दुसरा मागनं, असा. माझ्या सरळ मेढी त्याला पुरून उरल्या. नाचाचा धक्का आडवा आणि सगळ्यांचा एकदम. वजन किती, हा प्रश्नच नव्हता. मी आयुष्यभर भाषणाची आणि अक्षतांची स्टेजं बांधली. तिथं माणसं उभी राहतात किंवा बसतात. तालात नाचणारं स्टेज मी बांधलंच नव्हतं.

पोरीच्या हातात फोन होता. तिचं तोंड उतरलं होतं. म्हणाली, "आबा, दुपारपर्यंत सांगितलं नाही तर ट्रक दुसरीकडं जाईल. काय करू?"

शेजारच्या तालमीतला तो गडी माझ्याकडंच बघत होता. मी पाहुण्यापुढं गेलो, दोन्ही हात तिरके करून एकमेकांवर धरले आणि म्हणालो, "चला पावणं. बांधूया."

मग मी कुणाकडं बघितलं नाही. पैलवानांनी बांबू उचलून आणले. पाहुणा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. त्याच्या टोकाला त्याची गाठ, माझ्या टोकाला माझी, त्यात मी हार मानली नाही. चारी बाजूंना छेद पडले. पुढच्या बाजूच्या मधल्या गाठी मी एका रेघेत आणल्या, सुतानं मापून. तो थांबून बघत राहिला आणि मग मागच्या बाजूच्या त्यानं तशाच बांधल्या. समोर जाऊन बघितलं तर गोठ्यागत दिसत नव्हतं. नक्षी काढल्यागत दिसत होतं.

पोरी परत वर चढल्या. ह्या वेळी हलगीवाल्याला मीच सांगितलं, हात राखू नकोस. पाहुणा एका मेढीला हात लावून उभा, मी दुसरीला. ठेका वाढला, आणखी वाढला. स्टेज जमिनीत रुजल्यागत उभं. पाहुण्यानं आठवडाभरात म्हातारीकडनं एवढंच मराठी उचललं होतं, तेवढं तो म्हणाला.

"चालतंय की."

सगळं मैदान हसलं आणि टाळ्या पडल्या. पोरीनं ट्रकवाल्याला फोन लावला आणि मोठ्यांदा सांगितलं, येऊ नका. ती एवढ्या मोठ्यांदा का बोलली ते मला कळलं. माझ्यासाठी बोलली.

तीन दिवस महोत्सव झाला. दरवेळी मी स्टेजाखालीच बसलो, मेढीला पाठ लावून. वर काय चाललंय ते मला पाठीतनं कळायचं. शेवटच्या संध्याकाळी ऊन तालमीच्या कौलांवर असताना तिकडचे नाचणारे आणि आमच्या पोरी एकत्र वर चढल्या. त्यांची पितळी वाद्यं, आमची हलगी. पाठीला एकच गोष्ट लागत होती, ठेका. हलणं नव्हतं. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि शेजारची तालीम पुढच्या रांगेत.

संपल्यावर पोरांनी मला ओढून वर नेलं, फेटा बांधला, पाहुण्यालाही बांधला. माईकच नव्हता, त्यामुळं भाषणाची कटकट नव्हती. मी फळीवर पाय आपटून दाखवला आणि खाली उतरलो.

पोरगी मागनं आली. म्हणाली, "आबा, संस्थेचा निरोप आलाय. पुढच्या वर्षी नेसरीच्या पोरांना असाच महोत्सव करायला पैसे देणार आहेत. स्टेजासाठी त्यांना मेंटॉर म्हणून तुम्ही पाहिजे आहात. ह्या पाहुण्यांनीच तुमचं नाव सांगितलं. विचार करून सांगा, घाई नाही."

म्हातारी म्हणाली, "घरात कुणाचं ऐकत न्हाईत, आता गावाला शिकवत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेज सोडायचं काम पोराच्या अंगावर टाकलं, पहार घेतली आणि एसटीत बसलो. गडहिंग्लजला गाडी बदलून नेसरीत उतरलो. कामाला निघालेल्या तिथल्या महोत्सववाल्या पोरांना अडवून मैदान कुठलं ते दाखवायला लावलं. पोरं म्हणाली, अहो, अजून वर्ष आहे. मी मैदानाच्या मधोमध पहार मारली आणि माती मेढीला किती धरते ते बघितलं.