वाट बघण्याचं पोर्तुगीज

औषध लावलेल्या कपाशीच्या बियाण्याचा वास आला की घनसावंगीच्या घराचा ओटा आठवतो. थोरला भाऊ बियाण्याच्या कामावर मोझांबिकला निघाला होता आणि कॅसेट लावून पोर्तुगीज शिकत होता. एका संध्याकाळी सवयी आणि छंदांचा धडा होता. "मी रविवारी समुद्रात पोहतो," असा एका वाक्याचा अर्थ त्याने सांगितला. वहिनी नुकतीच बीजोत्पादनाच्या शेतातून कपाशीच्या कळ्या सोलून, आतले पुंकेसर काढून आली होती. सकाळी त्याच कळ्यांना दुसऱ्या वाणाच्या फुलांचे पराग लावायचे होते. ती हसली. "विहिरीत उतरायला भेता, अन् समुद्रात पोहून राह्यले!" मग म्हणाली, "माझं बी सांगा. रोज सांजच्याला मी कळ्या सोलते." भावाने कॅसेटसोबतचं पुस्तक चाळलं. "हे न्हाई यात. दुसरं सांग." पिवळी झालेली बोटं पदराला पुसत ती म्हणाली, "मंग रोज सांजच्याला मी वाट बघते. हे तरी हाय का?" ते होतं. त्याने कॅसेट बंद केली आणि ते वाक्य तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. तो गेल्यावर एसटीडी बूथमध्ये, भिंतीकडे तोंड करून, दर फोनच्या शेवटी ती तेच म्हणायची. मला आजही पोर्तुगीजमधलं तेवढंच येतं.